मागची गर्दी

माझा काळा कोट कोर्टापेक्षा पेणच्या कुंपणांमध्ये जास्त उभा राहिला आहे. शिवला होता पक्षकारांसाठी, पण गेली काही वर्षं तो सुरवंट, चतुर आणि रानफुलं यांच्याच पाठीशी असतो. याचं सगळं श्रेय आमचे शेजारी हिराजीकाका यांना.

काकांनी रोह्याच्या एका कंपनीत जन्मभर शिफ्ट केल्या. निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात, काका किड्यांना लागले. मुंगीच्या मिशा दाखवणारी लेन्स घेतली आणि जगाबद्दल त्यांची एकच तक्रार उरली.

"मागं फार गर्दी हाय, वकीलसाहेब! फूल काय झ्याक हाय, पण मागं कुनाचा पत्रा, कुनाचा बनियन. मान्सानं फुलाकडं बघायचं का बनियनकडं?"

त्यावर त्यांचा उपायही एकच. "मागचं काळं करा." म्हणजे रविवारी सकाळी मी माझा कोट पसरून फुलाच्या मागे उकिडवं बसायचं. फूल उन्हात हवं आणि कोट सावलीत. "काळ्यावर ऊन पडलं का काळं पण राखाडी दिसतं," हे ते मला दर वेळी नव्याने समजावतात. एकदा माझी बायको म्हणाली, "काका, हल्ली मोबाइलमध्ये एका बोटाने मागचं काळं होतं." काकांनी तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिने उकडीच्या मोदकात मैदा घालायला सांगितलंय.

कोटाने भोगलंही पुष्कळ. एका दाव्यात मी ऐन रंगात आलो असताना माझ्या कॉलरमधून हिरवागार नाकतोडा निघाला आणि टुणकन उडी मारून समोरच्या वकिलांच्या कागदांवर जाऊन बसला. न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचे साक्षीदार आवरा." संध्याकाळी मी हे तणतणत सांगितलं, तर काकांनी कपाळावर हात मारला. "आरं देवा! पकडून नाय आनलात?"

गागोद्याच्या वाटेवर तर मार खायचीच वेळ आली होती. तिठ्यावर धोत्र्याचं फूल, मागे काळा कोट धरलेला मी आणि फुलापुढे गुडघे टेकून श्वास रोखलेले काका. भाजीची पाटी घेतलेल्या दोघी जणी लांबच थबकल्या. "करणी करताव का रं मेल्यांनो?" एकीने दरडावलं. काका ढिम्म हलले नाहीत. दुसरी म्हणाली, "चल गो, बांधावरनं जाऊ." दोघी शेताला वळसा घालून गेल्या. फोटो मात्र बघावा असा आला. काळ्याभोर अंधारात ते पांढरं फूल नुकतंच जन्मल्यासारखं दिसत होतं.

मग काकांच्या एकुलत्या एका लेकीचं, प्रणालीचं, लग्न काढलं. स्थळांना पाठवायचा फोटो काढायला स्टुडिओवाला कशाला हवा? काकांनी तिला जास्वंदीपाशी बसवलं, मला कोट घेऊन मागे बसवलं आणि नेहमीसारखं मागचं काळं केलं. फोटो पाहून मध्यस्थ हबकला. "हिराजी, पोरीला घरदार हाय का नाय? नवी बंगली मागं दाखवायची सोडून हे काय?" एका स्थळाकडून तर सरळ निरोप आला, "मागं काय लपवलंय ते आधी सांगा."

काकू चार दिवस काकांशी बोलत नव्हत्या. पण रोह्याचा एक मुलगा म्हणाला, "आत्तापर्यंत सगळ्या फोटोंत मला सोफेच दिसले. पोरगी पहिल्यांदाच दिसली." त्याच घरात प्रणाली पडली.

पाठवणीला काका रडले नाहीत. पण नंतर कॅमेरा कपाटातून बाहेर येईना. कुंपणावर फुलपाखरं बसत, उडून जात. माझा कोट इस्त्री केलेला, स्वच्छ, खुंटीला लटकत होता आणि मला ते बघवत नव्हतं. काकू म्हणाल्या, "पोरगी फोनवर 'बरी हाय' म्हनते. ह्यांना वाटतं, बरी नसली तरी तशीच म्हनंल."

एका रविवारी काका दारात येऊन उभे राहिले. "रोह्याला जाऊन येऊ. कोट असू द्या संगं."

रोह्याच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले. प्रणालीच्या दारात पोचलो, तर ती पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. "बाबा, कळवलं पन नाय!" काकांनी तिला उंबऱ्याशीच थांबवून कॅमेरा डोळ्याला लावला. मी सवयीने कोट झटकून तिच्या मागे सरकलो.

"वकीलसाहेब, बाजूला व्हा."

"अहो, मागे केवढा पसारा आहे!"

"राहू दे. मागचं सगळं दिसू दे."

मागे दोरीवर टॉवेल, गॅसची टाकी, चपलांचा ढीग, नारळ खवत बसलेली सासू आणि चष्मा शोधणारा जावई होता. काकांनी बराच वेळ घेतला. मग बटण दाबलं आणि आत जाऊन पोटभर जेवले.

परतीच्या गाडीत त्यांनी तो फोटो पडद्यावर मोठा करून माझ्यापुढे धरला. मला धक्काच बसला. मुंगीचा डोळा पुसट आला तरी फोटो टाकून देणारा हा माणूस, आणि लेकीचा चेहरा चक्क अस्पष्ट! फोकस मागे होता.

"काका, चुकला की!"

"नाय चुकला. ही सासू बघा. पोरीच्या पाठीकडं बघून हसतेय. पोरीला ते दिसत नाय, म्हंजे दाखवायला नाय हसली. आन् जावई चष्मा शोधतोय, त्या चष्म्याचं घर पोरीच्याच कमरेला खोचलंय. घरात मिसळली हो."

एवढं बोलून ते डोळे पुसायला लागले आणि पुसता पुसता हसायलाही लागले. मी उगाच मांडीवरच्या कोटाची घडी सारखी करत बसलो.

पेण जवळ आल्यावर ते म्हणाले, "उद्या सकाळी कोट लागंल हां. लिंबावर सुरवंट आलाय, आज-उद्यात कोश करंल."

दुसऱ्या दिवशी माझी कोर्टात तारीख होती. मी म्हटलं, "आत्ताच घेऊन जा, काका."