एका माणसाचा तंबू

आश्रुबा मांडववाल्याला मी तोंडावर 'नको' म्हणालो, तिथून सगळं सुरू झालं.

हा आश्रुबा म्हणजे आमच्या धारूरचा एकुलता एक मंडप-डेकोरेशनवाला, आणि त्यामुळं स्वतःला गावाचा मालक समजणारा. लग्न असो, बारसं असो, नाही तर पुढाऱ्याची सभा असो, याचेच ते आठ बांबू आणि याचीच ती पानाच्या पिचकाऱ्या मिरवणारी कनात. आमच्या हिनं, म्हणजे रुद्राणीनं, वर्षभर खपून बावीस गोधड्या शिवल्या होत्या. अंबाजोगाईला महिलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं आणि तिथं तिला जागा मिळाली होती. जागा म्हणजे मैदानात फक्कीनं आखलेला चौकोन. सावलीची सोय ज्याची त्यानं करायची. संयोजिका सत्यशीलाबाईंच्या पत्रात खाली लाल शाईत लिहिलं होतं, की सोमवारी सकाळी अकरापर्यंत ज्या जागेवर मांडव उभा नसेल, ती जागा दुसऱ्याला देण्यात येईल.

"दोन माणसं, आठ बांबू, एक कनात," आश्रुबा म्हणाला. "पहाटं टेम्पोत टाकून नेतो."

"एवढ्याशा चौकोनाला दोन माणसं?"

"साहेब, मांडव एकट्यानं उभा ऱ्हात न्हाई. लग्नाचा आसू का तेराव्याचा, चार हात लागतेतच."

या माणसाचं शिक्षण चौथी नापास. मी पंचायत समितीत वरिष्ठ लिपिक. (वरिष्ठ म्हणजे वयानं.) त्याच्याकडून मी मांडवाचं तत्त्वज्ञान ऐकून घेणार होतो थोडाच!

सत्त्याण्णव सालची गोष्ट. देशाची दारं उघडली होती आणि त्या दारांतून वाट्टेल ते आत येत होतं. धारूरच्या बाजारात कोरियाची बॅटरी मिळत होती आणि आम्ही अजून बांबू रोवत बसलो होतो! माझा मेहुणा महांतेश पुण्यात असतो. त्यानं मला एका दुकानात नेलं. तिथं घडीचा फॉरेनचा तंबू होता. खोक्यावर हाफ पॅन्टीतला एक गोरा होता. त्याच्या एका हातात तंबूचा पाय, दुसऱ्या हातात कॉफीचा कप, आणि वर इंग्रजीत छापलेलं, की एक माणूस, दहा मिनिटं.

तंबू तीन रंगांत होते. निघताना रुद्राणीनं बजावलं होतं, "रंगीत आणा, लांबून उठून दिसंल." आता रंगातलं बायकांना काय कळतं? (त्या बावीस गोधड्यांचे रंग तिनं जमवले होते, हे मी त्या वेळी विसरलो.) मी पांढरा घेतला. पांढरा कसा, सोबर.

"दाजी, इथं एकदा उघडून तर बघू," महांतेश म्हणाला.

"मी काय अडाणी आहे?"

घरी आल्यावर रुद्राणीनं खोक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पांढरा?"

"सोबर आहे."

"बरं. अंगणात लावून तरी बघा एकदा."

"अगं, दहा मिनिटांचं काम! त्याची काय रंगीत तालीम करायची?"

"अहो, आश्रुबाला निदान सांगून ठिवू का? वेळप्रसंगी..."

"खबरदार! मी एकटा लावणार. कोणाचा हात लागू देणार नाही."

ती म्हणाली, "वर्षभर बोटं टोचून घेतलीत मी. ती जागा गेली तर मला लई वाईट वाटंल, बघा."

सोमवारी पहिल्या गाडीनं मी अंबाजोगाईला गेलो. तंबू एसटीच्या टपावर. रुद्राणी पूजा आटोपून, गोधड्यांचं गाठोडं घेऊन मागच्या गाडीनं येणार होती. आमच्या घरात सोमवार कडक, त्यामुळं माझ्या पोटात चहाचा घोटसुद्धा नव्हता. दाढीही राहिली होती. आमची जागा चौदा नंबरची, मैदानाच्या अगदी कडेला, बरोबर तहसीलच्या फाटकासमोर.

आठ वाजता मी खोकं उघडलं. आतला सांगाडा दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरून एकाच वेळी ओढायचा होता. त्या गोऱ्याचे हात बहुतेक दहा फुटी असावेत. मी हा कोपरा ओढला की तो मिटायचा, पळत जाऊन तो ओढला की हा मिटायचा. मी त्या तंबूला एवढ्या प्रदक्षिणा घातल्या, तेवढ्या परळीच्या वैजनाथाला घातल्या असत्या तर निदान प्रमोशन तरी मिळालं असतं. शेजारच्या जागेत भिवराबाई म्हणून टोपल्या विकणारी बाई होती. तिचे बांबू कधीच उभे झाले होते.

"दादा, धरू का एक पाय?"

"नको!" मी म्हणालो. (काय तो ताठा!)

साडेनऊपर्यंत तीन पाय उभे राहिले. चौथ्याचं बटण काही केल्या बसेना. त्यात बालाघाटाचं वारं सुटलं. तंबू उचलायला लागला. शेवटी मी मधोमध खोक्यावर बसलो, चौथा पाय दोन्ही हातांनी छातीशी धरला, तिसऱ्यावर पाय ठेवला, आणि तसाच बसून राहिलो. हललो असतो तर तंबू उडून थेट केज गावाला गेला असता.

इतक्यात तहसीलच्या फाटकातून एक म्हातारा आला. माझ्यासमोर उभा राहून त्यानं हात जोडले.

"कवापासून बसलाव?"

"सकाळपासून."

"कायी खाल्लं का?"

"नाही. पाणीसुद्धा नाही."

"आरारारा! आन् एकलेच कावून?"

"एकटाच. कोणाची मदत घ्यायची नाही, असं ठरवलंय."

"धन्य हाय बाबा! मागनी काय तुमची?"

मला वाटलं, म्हातारा चौकशी करतोय. "जागा हो! चौदा नंबरची. हक्काची आहे, तर म्हणे अकरानंतर दुसऱ्याला देणार."

"कोन देतो तेच बगतो!" म्हणत म्हातारा तरातरा निघून गेला.

आता आमच्या भागातलं शेंबडं पोरगंही सांगेल, की तहसीलसमोर छोटा पांढरा मांडव आणि आत दाढी वाढलेला उपाशी माणूस, याचा अर्थ एकच. आमरण उपोषण! वीस वर्षं सरकारी नोकरी करून, आल्यागेल्या उपोषणांची टिपणं लिहून, हे मला मात्र कळलं नाही. कळलं तेव्हा गळ्यात हार पडला होता.

हार घालणारा त्रिंबकराव. दिवाळीपासून बिनकामाचा बसलेला तिथला पुढारी. सोबत आठ-दहा जण, कडक इस्त्रीचे. त्यांनी येताच मांडवाचे चारी पाय धरले, आणि खट्ट! चौथ्याचं बटण बसलं.

"उभा राहिला!" मी आनंदानं ओरडलो.

"विजय असो!" सगळे ओरडले.

"अहो, तसं नाही, हा गोधड्यांचा..."

"तुमी बोलू नका," त्रिंबकरावांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "ताकद जाईल."

मागोमाग नायब तहसीलदार वही घेऊन हजर. "नाव?"

"पंचाक्षरी."

"काय करता?"

सरकारी नोकर उपोषणाला बसला म्हणजे नोकरीवर गदा! 'वरिष्ठ लिपिक' हे शब्द मी गिळून टाकले.

"गोधड्या," मी म्हणालो.

"तुम्ही शिवता?"

"बायको शिवते."

"मग तुम्ही काय करता?"

"मी मांडव लावतो."

मागं भिवराबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

अकराला दहा कमी असताना रुद्राणी आली. डोक्यावर गाठोडं. ते बघताच त्रिंबकरावांचा एक गडी ओरडला, "बसायची सोय आली रं!" आणि ती हां हां म्हणेपर्यंत गाठोडं सुटलं, गोधड्या पसरल्या आणि वर सगळी मंडळी मांडी घालून बसली. वर्षभराच्या टाक्यांवर! रुद्राणीनं माझ्या गळ्यातल्या हाराकडं पाहिलं. माझं तोंड एवढंसं झालं.

"मांडव उभा आहे," मी पुटपुटलो. "अकराच्या आत."

तेवढ्यात सत्यशीलाबाई रजिस्टर घेऊन आल्या. "चौदा नंबर! अहो, हे काय? इथं आंदोलन चालणार नाही. ही जागा मी पुढच्या बाईंना देते."

जागेसाठी बसलेल्या माणसाची जागा त्रिंबकरावांमुळंच चालली होती.

रुद्राणीनं पदर खोचला. "आंदोलन कुठलं, ताई? स्टॉलच हाय हा. गिऱ्हाईकं बसून माल बघायलीत." मग ती त्रिंबकरावांकडं वळली. "आन् दादा, अंथरुणाचं कसं असतंय, एकदा ज्यानं बूड टेकलं, त्याचीच ती गोधडी. दुसऱ्याचं बसलेलं मी लोकांना विकत न्हाई. तुमी दोन जोडून बसलाव, तवा तुमच्या दोन. देऊ का बांधून?"

समोर नायब तहसीलदार, फाटकात पन्नास माणसं, आणि पुढाऱ्यानं बाईच्या कष्टावर फुकट बसून उठायचं? त्रिंबकरावांनी दोन घेतल्या. त्यांनी घेतल्या म्हणून प्रत्येक गड्यानं एकेक घेतली. गर्दी बघून उरलेल्या दुपारपर्यंत संपल्या, आणि वर तिला पुढच्या वर्षाचं काम मिळालं. सत्यशीलाबाईंनी रजिस्टरमध्ये चौदा नंबरपुढं बरोबरची खूण केली. उपोषण मिटावं म्हणून नायब तहसीलदारांनीही चौदा नंबर सौ. रुद्राणी यांचाच, असं लेखी देऊन टाकलं. त्रिंबकरावांनी मिठाचं लिंबूपाणी पाजून माझं उपोषण सोडवलं. त्या मिठानं माझा सोमवारही मोडला.

संध्याकाळी तंबू मिटवायला गेलो, तर तो मिटेना. तेव्हा भिवराबाईच्या टोपल्यांमागून आश्रुबा पुढं आला. दोन माणसं, आठ बांबू, एक कनात घेऊन तो सकाळी दहापासूनच टेम्पोत बसून होता. रुद्राणीनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

"मग त्याला हाक का नाही मारलीस?" मी तिला चिडून म्हणालो.

"साहेबाला हात लावू द्यायचा नव्हता ना," आश्रुबाच म्हणाला. "म्हनून नुसतं बगत बसलो. लई मजा आली."

तंबू आता त्याच्याकडंच असतो. तो भाड्यानं देतो, आणि फक्त उपोषणांना. म्हणतो, लई शुभ हाय, पहिल्याच दिवशी मागणी मान्य होतीय. गेल्या महिन्यात नेकनूरहून दोघं जण तंबू न्यायला आले, तर त्यानं त्यांना आमच्या दारात आणलं.

"वहिनी, हे विचारायलेत, तंबूसंगं मधी बसणारे साहेब बी मिळतेत का?"

रुद्राणीनं सुईतून मान वर केली नाही.

"न्या की," ती म्हणाली. "पण त्यायला उभं करायला चार माणसं लागतेत, एवढं सांगून ठिवा."