तळाचा वाटा

आम्ही दोघांनी बरोबर केलेलं शेवटचं काम म्हणजे गव्हाला एरंडेल चोळायचं. मे महिना होता. पंचवटीतली आमची तीन मजली जुनी इमारत, वर गच्ची, गच्चीवर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर पाच क्विंटल गहू. घरात माणसं दोनच. मी आणि माझी बायको इंदू. मूलबाळ झालं नाही.

दोन माणसांना पाच क्विंटल गहू कशाला, असं तुम्हाला वाटेल. लग्नानंतर पहिली चार वर्षं मलाही वाटायचं. नंतर मी विचारायचं सोडलं आणि उचलायला लागलो. मी मार्केट यार्डातला हमाल. दिवसभर व्यापाऱ्यांची पोती उचलायची आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोची.

इंदूला सुट्टं घेतलेलं सहन होत नसे. साखर, तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे, मीठ, साबण, काहीही असो, दुकानात गेली की ती एकच शब्द बोलायची. "अख्खं."

दुकानदार विचारायचा, "अख्खं म्हणजे?"

"अख्खं म्हणजे अख्खं. पोतं. तुमची पुडी तुमच्यापाशी ठेवा."

पाव किलो ही तिच्या तोंडी शिवी होती. माझा एक चुलतभाऊ पेठहून यायचा आणि जाताना नाक्यावर पाव किलो शेव घेऊन जायचा. त्याच्याबद्दल ती म्हणायची, "मनाने बरा हाय, पण पाव किलोतला माणूस." बायकोच्या जिवावर खाणारा, शब्द फिरवणारा, देवळात पाच पैसे टाकून दहा मिनिटं मागणारा, हे सगळे पाव किलोतले. अख्खी माणसं तिने आयुष्यात तीन-चारच मोजली. त्यात मी होतो की नव्हतो ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ती सायखेड्याची. मला बघायला आले तेव्हा तिच्या बापाने विचारलं, किती शिकलात? मी म्हणालो, चौथी. आतून, दाराआडून आवाज आला, "पोतं किती किलोचं उचलतात ते विचारा." मी म्हणालो, शंभर. लग्न ठरलं. पुढे ती सगळ्यांना सांगायची, "हमाल हाय म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. घरपोच हमाली फुकट."

फुकट होती, पण तिच्या अटींवर. यार्डात आम्ही पोत्याला हूक मारतो आणि खेचतो. हूक लागला की ताग फाटतो, भोक पडतं, वाटेने थोडं सांडतं. व्यापाऱ्याचं सांडलं तर हमालाला काही वाटत नाही. पण इंदूच्या पोत्याला मी पहिल्यांदा हूक लावला तेव्हा ती जिन्यात आडवी उभी राहिली.

"हूक काढा."

"अगं, हूक नाही तर पकडू कशाने?"

"देवाने दहा बोटं कशाला दिलीत? माझ्या पोत्याला भोक पाडायचं नाय."

तेव्हापासून घरची पोती मी बोटांनी उचलली. त्या बोटांची नखं बघाल तर कळेल.

आता घर एका खोलीचं. पोती ठेवायची कुठे? तिने आमच्या पलंगाचे पाय काढून टाकले आणि फळ्या पोत्यांवर ठेवल्या. त्यामुळे आमचा पलंग वर्षभर एका उंचीवर कधी राहिला नाही. जूनमध्ये एवढा उंच, की मी पाटावर पाय देऊन चढायचो आणि डोकं पंख्याला लागेल म्हणून वाकून बसायचो. दिवाळीला बरा असायचा, माणसासारखा. मार्च आला की फळ्या जमिनीला टेकायच्या. मला कॅलेंडर बघायची गरज पडली नाही. पलंगावरून पाय लोंबतात की टेकतात एवढं बघितलं की महिना कळायचा.

एका वर्षी तिने खडेमिठाचं पोतं आणलं. दोन माणसं आणि पन्नास किलो मीठ. श्रावणात ते पाझरलं. पलंगाखालून मिठाचं पाणी निघालं ते दारापर्यंत. मी ओरडलो. ती पाटावर बसून ते पाणी फडक्याने टिपून पातेल्यात पिळत होती. म्हणाली, "ओरडता कशाला? पातळ झालं तरी मीठच हाय." दोन महिने आमच्या आमटीत ते पाणी पडत होतं. साबणाचं खोकं आणलं तेव्हा तर सहा महिने पोहे खाताना तोंडाला फेस येईल असं वाटायचं.

पैसे वाचायचे का? वाचायचे. पुडीपेक्षा पोतं स्वस्त पडतं हे मी यार्डात रोज बघत होतो. पण वाचलेल्या पैशाचं ती पुढचं पोतं आणायची, त्यामुळे मला ते पैसे कधी भेटले नाहीत.

कॉलेज रोडकडे मॉल निघाला तेव्हा शेजारची मंदा आम्हाला दाखवायला घेऊन गेली. मंदा म्हणजे समोरच्या बिऱ्हाडातली, तोंडाने फटकळ. इंदूने सगळ्या फळ्या फिरून बघितल्या. मग युनिफॉर्म घातलेल्या पोरीला म्हणाली, "बाई, अख्खं कुठं ठेवलंय?"

पोरीने पाच किलोची पिशवी दाखवली. "मावशी, हे आमचं सगळ्यात मोठं."

"हे मोठं?" इंदू माझ्याकडे वळली. "अहो, बघा. हे मोठं म्हणे."

पुढे बिस्किटांवर पाटी होती, दोन घेतले की तिसरा फुकट. इंदूने नीट वाचून घेतलं, मंदाकडून दोनदा खात्री केली आणि पोरीला म्हणाली, "दोन राहू दे. नुसता तिसरा दे."

पोरगी हसायला लागली. इंदू हसत नव्हती. तिने खरंच हात पुढे केला होता.

आता दोन माणसांना पोतं संपत नाही, हे तिलाही कळत होतं. म्हणून तिने इमारतीतली सहा घरं धरली. सातवं आमचं. पोतं इंदू आणणार, मी जिना चढवणार आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या खोलीत पोतं फुटणार. बंद पडलेल्या एका दुकानातून तिने जुना तराजू आणि लोखंडी मापं आणली होती. सहा जणी डबे, पिशव्या, बादल्या घेऊन गोल बसायच्या. इंदू मधोमध पाटावर. पहिला हुकूम ठरलेला. "पंखा बंद करा. वारं बी चोरतं."

मग कितीही घाम आला तरी मापून होईपर्यंत पंखा लागत नसे. प्रत्येकीचं पारडं भरून वर मूठभर. मापता मापता कोणाची सून, कोणाचा दमा, कोणाच्या पोराला नोकरी, सगळं निघायचं. एक पोतं मापायला तासभर लागतो. यांना दुपार लागायची. मी बाहेर जिन्यात बसून विडी ओढायचो.

एकदा मी चिडून म्हणालो, "दोघांना पाव किलो साखर आठ दिवस जाते. हा बाजार कशाला भरवतेस?"

ती तराजू पुसत होती. म्हणाली, "पाव किलोला घरी कोण येतंय?"

मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी बोलली. मी विडी पेटवली.

सहा जणींचं झालं की उरलेलं आमचं. ते ती मापायची नाही. पोतं उलटं करून झटकायची, शिवणीतले दाणे नखाने काढायची आणि म्हणायची, "तळाचं माझं." त्याच्यावर मंदाचा डोळा होता.

"काकू, एकदा तळाचं आम्हाला द्या की. बघू तरी काय असतं त्यात."

"तळाला हात लावायचा नाय. पोतं मी आणते, तळ माझा."

मंदा जिन्यात बायकांना सांगायची, "तळाला पाच-दहा किलो जास्तीचं निघत असणार. उगाच नाय म्हातारी एवढी मरमर करत." मी ते माझ्या कानाने ऐकलं आणि इंदूला सांगितलं. मला वाटलं, आता मंदाचं नाव कटणार. इंदू म्हणाली, "बोलू द्या. बोलायला तरी येते."

खरं सांगतो, मलाही मंदासारखंच वाटायचं. तळाला काहीतरी जास्त निघत असणार. मनातून बरं वाटायचं, बायको हुशार मिळाली.

वर्षाचा गहू मात्र मे महिन्यात, सायखेड्याहून, तिच्या माहेरच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून. टेंपोने पाच पोती यायची. सहा घरांचा मिळून चारशे तीस किलो, आमचा सत्तर. गच्चीवर ऊन द्यायचं, चाळायचा, निवडायचा, मग सावलीत घेऊन एरंडेल चोळायचं म्हणजे कीड लागत नाही. तेल कोणी चोळायचं? इंदूने आणि मी. बाकीच्यांच्या हाताला वास येतो.

त्या सकाळी तीन पोत्यांचा गहू चोळून झाला होता. दोघांचे हात कोपरापर्यंत तेलाचे. ती मला म्हणत होती की मी गहू चोळत नाही, गोंजारतो. मग म्हणाली, "तेल संपलं. खालून दुसरी बाटली आणा. तोवर मी जरा पाठ टेकते."

मी दोन जिने उतरलो, बाटली शोधली, वर आलो. ती पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. मी म्हणालो, "ऊठ, ऊन चढतंय." दुसऱ्यांदा म्हणालो. तिसऱ्यांदा बाटली खाली ठेवली.

डॉक्टर आला आणि म्हणाला, हृदय. संध्याकाळी तिला नदीवर नेलं. न्यायच्या आधी आंघोळ घालताना बायकांकडून तिच्या हातांचं तेल निघत नव्हतं. मंदा दोनदा साबण लावून घासत होती. तळमजल्याच्या आक्का म्हणाल्या, राहू दे गं, जाऊ दे तशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा चहा घेऊन आली. मी म्हणालो, "गहू वर आहे."

ती म्हणाली, "भाऊ, आता गव्हाचं काय घेऊन बसलात?"

"दोन पोती बिनतेलाची आहेत. कीड लागेल."

जिन्यात बायका जमल्या. कुजबुज सुरू झाली. सुतकाच्या घरातलं धान्य कसं न्यायचं? माझा हात लागलेला कसा चालेल? पण सहा घरांचा वर्षाचा गहू वर पडलेला, आणि तो नाही नेला तर खाणार काय? कोणी नेते म्हणेना, कोणी नको म्हणेना. मी दारात उभा राहून ऐकत होतो. तो गहू तसाच पडून किडला असता तर इंदूने मला वरून सोडलं नसतं.

शेवटी आक्कांना विचारलं. आक्का ऐंशीच्या, इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्या कठड्याला धरून एक एक पायरी चढत आल्या.

"गहू कधी आला?"

"परवा."

"परवा ती होती. गहू तिच्या हातचा. आणि पडलाय कुठं?"

"गच्चीवर."

"गच्ची सगळ्यांची. गच्चीला कुठलं सुतक? चला, डबे घ्या."

आम्ही वर गेलो. मी दोन पोत्यांना तेल चोळायला बसलो. थोड्या वेळाने मंदाने बाह्या वर केल्या आणि समोर बसली. मग बाकीच्या बसल्या. चोळून झालं तसा मी तराजू लोखंडी पाइपाला टांगला आणि इंदूच्या पाटावर बसलो. पहिलं माप उचललं आणि तोंडातून निघून गेलं, "पंखा बंद करा."

गच्चीवर. उघड्या आभाळाखाली. आधी कोणीच हसलं नाही. मग आक्का हसल्या, आणि मग सगळ्या रडायला लागल्या. मी मापत राहिलो. मला दुसरं काही येत नव्हतं.

प्रत्येकीचं पारडं भरून, वर मूठभर. सहा वाटे झाले. उरलेलं मी पोत्यात भरायला लागलो तर मंदा म्हणाली, "भाऊ, तुमचं पण मापा."

"तळाचं मापायचं नसतं."

"मापा म्हणते ना."

तिनेच मापलं. एकोणसाठ भरलं. तिने परत मापलं. एकोणसाठ. सत्तरच्या जागी एकोणसाठ.

"अकरा कमी," मंदा म्हणाली. "दरवर्षी असंच?"

मला काय माहीत? मी जन्मभर पोती उचलली, पण भरलेली. हमाल पोतं थप्पीला लावतो आणि दुसरं आणायला जातो. पोत्याचा तळ त्याला कधी दिसत नाही. आता बसून बघितलं तर साधा हिशेब होता. चाळण्यात जातं, खडे निघतात, उन्हात ओल जाते, आणि सहा पारड्यांवर सहा मुठी. ते सगळं कोणाच्या तरी वाट्यातून जाणार. ती चाळीस वर्षं म्हणत होती, तळाचं माझं.

मंदाने तिच्या डब्यातून ओंजळ भरली आणि माझ्या पोत्याकडे आली. मागे बाकीच्या उठल्या.

मी म्हणालो, "मागे घे ती. तळाचं आमचं असतं."

ती ओंजळ धरून तशीच उभी राहिली. मी दाभणाने पोतं शिवलं. खांद्यावर घ्यायला लागलो तर हात तेलकट, बोटं घसरत होती. कमरेला हूक होता, सवयीने लावलेला. तो मी काढून टाकीवर ठेवला, धोतराला हात पुसले आणि बोटांनी पोतं उचललं.

दोन जिने उतरून खोलीत आलो. मे महिना, म्हणजे पलंगाच्या फळ्या जमिनीला टेकलेल्या. ती झोपायची त्या बाजूची फळी उचलली आणि पोतं खाली सरकवलं. पलंग तिच्या बाजूने उंच झाला आणि माझ्याकडे कलला. मी तो तसाच राहू दिला.