आनंदाची रंगीत तालीम

मुलांना घरात संतुलित आणि आनंदी ठेवणं ही पालकांचीच जबाबदारी, याबद्दल अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि जबाबदारी म्हटली की रंगीत तालीम आलीच. साहेबांनी उभी नोकरी गोदामांत, कचेऱ्यांत शिट्टी वाजवून माणसांना जिन्यावरून खाली पळवण्यात घालवली होती. खरी आग मात्र त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. आपल्या कामाचं यश ते यातच मानत.

तेव्हा घरी आनंदाची तालीम सुरू झाली. शिट्टी वाजताच हातातलं काम टाकून कुटुंबाने सोफ्यावर जमायचं, मोकळेपणाने हसायचं आणि लांब शिट्टी झाली की शांतपणे पांगायचं. ढकलाढकली करायची नाही. पहिल्या दिवशी बायको साबणाच्या हातांनीच धावत आली आणि नवऱ्याकडे बघतच राहिली. त्यांच्या लेकीचं, चिमीचं, मागणं एवढंसंच होतं: आपला हलणारा दात बाबांनी एकदा हलवून बघावा. पण हा विषय तालमीच्या कक्षेत बसत नव्हता. सवडीने बघू, असं साहेबांनी तिला सांगितलं.

एका संध्याकाळी आई दिवसभर स्वेटर उलटा घालून बाहेर हिंडून आल्याचं चिमीने पकडलं. मायलेकी पोट धरून हसत सुटल्या. साहेब आतल्या खोलीतून धापा टाकत आले.

"शिट्टी वाजली होती?"

"नाही."

"मग हसताय कशाला? असे खोटे इशारे देत बसलात, तर खरा आनंद येईल तेव्हा कुणी जागचं हलणार नाही."

"अहो, तो आत्ताच येऊन गेला," बायको म्हणाली.

साहेबांना हे पटण्यासारखं नव्हतं. त्या दिवसापासून बिनशिट्टीचं हसणं बंद झालं. आता काय बोलावं!

चिमी गुणी पोर, लवकर तयार झाली. एकदा साहेब घरी आले, तर ती दारातच ओठ घट्ट मिटून, मूठ आवळून उभी. डोळे नुसते लुकलुकत होते. काय झालं म्हणून विचारलं, तर तिने त्यांच्या खिशाकडे बोट दाखवलं. शिट्टी नेमकी कचेरीत राहिली होती.

"उद्या आणतो हं," साहेब म्हणाले. पोरीची शिस्त बघून त्यांचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली. चिमी सोफ्यावर आली आणि शिकवल्याप्रमाणे हसली. पुढच्या दाताच्या जागी खिंड दिसत होती. साहेब घड्याळाकडे बघत होते. बायकोने मात्र तोंड फिरवून डोळे पुसले.

यथावकाश 'आनंदी मूल' या विषयावर साहेबांचं व्याख्यान झालं. सभागृह खच्चून भरलं होतं. मुलांना कुणाकडे तरी सोपवून तुम्हीही वेळेआधी आला होतात, पहिल्या रांगेत बसला होतात. प्रश्नोत्तरांत चिमीचं पुढे काय झालं, हे कुणीच विचारलं नाही. तुम्ही हात वर केलात तो एवढंच विचारायला, की ही शिट्टी कुठे मिळते.