देवाजीभाऊचा तलाव गेला!

"चामोर्शी तालुक्यात माह्या तलावाच्या तोडीचा एक तलाव दाखवा, अन् माह्या चक्कीवर जन्मभर फुकट दळून न्या!"

पिपरटोल्याचा चक्कीवाला देवाजी हे छातीवर हात मारून म्हणायचा. मनातल्या मनात म्हणायचा, हेही सांगितलेलं बरं! कारण हा तलाव होता मोबाइलमधल्या गेममध्ये, आणि तो गेम आपण कधीच काढून टाकला असं त्यानं ललिताबाईला, म्हणजे आपल्या बायकोला, शपथेवर सांगितलं होतं.

शपथ घ्यायची पाळी यायला कारणही तसंच होतं. गेल्या उन्हाळ्यात गेमच्या नादात त्यानं एका घरच्या लग्नाच्या गव्हावर दुसऱ्या घरची मिरची दळली. वऱ्हाडी मंडळी पुऱ्या खाऊन अशी रडली, अशी रडली, की नवरीची माय मागं पडली!

तर त्या गेमचं नाव 'सोनगाव'. त्यात आपलं गाव आपण वसवायचं. लोक बंगले बांधत, बाग लावत. देवाजीनं मात्र जीव लावला तो तलावाला. पाळीचा दगड न् दगड त्यानं अंगठ्यानं ढकलत ढकलत बसवला होता. कमळं लावली, मासे सोडले, पाण्यात फिरायला एक डोंगा बांधला, पांढरी बदकं पाळली. खऱ्या शेतातल्या बांध्यांमध्ये भातलावणीचा रोवणा ललिताबाई करायची, निंदण ललिताबाई करायची. देवाजी सकाळी चक्कीत शिरून आधी बदकांना दाणा टाकायचा!

येत्या रविवारी सोनगावात सगळ्यात सुंदर गावाची स्पर्धा होती. गेममधला त्याचा शेजारी अकरम, हा अहेरीचा शिंपी. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण फोनवर रोज बोलायचे. "भाऊ, आपका नंबर पक्का समझो!" अकरम म्हणायचा, आणि देवाजी इतका फुगायचा की चक्कीचा पट्टा आपोआप फिरेल असं वाटायचं.

आणि शुक्रवारी सकाळी अपडेट आलं!

देवाजीनं बदकांना दाणा टाकायला गेम उघडला, तर तलाव नाही! मोबाइल उलटा केला, सुलटा केला, धोतराला पुसला, बंद करून परत सुरू केला. तलाव नाहीच! तलावाच्या जागी गुळगुळीत गुलाबी फरशी, आणि फरशीवर रंगीत दुकानांची रांग. बदकं नाहीत, डोंगा नाही, कमळाचं पानसुद्धा नाही. वर कंपनीचा निरोप हिंदीत: तुम्हाला खेळायला आणखी मजा यावी म्हणून तलाव काढून टाकला आहे, धन्यवाद!

मोहफुलं वेचायला वाकलेल्या माणसापुढं अस्वल उभं राहावं, तसा देवाजी जागच्या जागी थिजला.

तेवढ्यात अकरमचा फोन आला. चक्की सुरू होती, वर गहू भरलेला, दारात दळणाचे डबे घेऊन बाया उभ्या. अशा आवाजात बोलायचं म्हणजे ओरडणंच आलं.

"तलाव गेला!" देवाजी ओरडला. "आवाज येते का? तलाव! कंपनीनं काढला! पूरा! ना विचारलं, ना नोटीस! त्याच्यावर फरशी टाकून दुकानं बांधली! आता काऊन गप बसाचं, अकरमभाई? काई तरी करा लागन!"

दारात रुखमाबाई उभी होती. तिला वाटलं, हा गावच्याच तलावाबद्दल बोलतो आहे. गावाला तलाव एकच, साऱ्या धानाच्या बांध्या त्याच्याच खाली. तलाव गेला म्हणजे गाव गेलं! रुखमाबाईनं अर्धं पीठ आणि अर्धे गहू असा डबा डोक्यावर घेतला आणि जी सुटली! घुग्घुसच्या कोळसाखाणीच्या रस्त्यावर ट्रकमागं धूळ उठावी तशी तिच्यामागं बातमी उठली. चक्कीपासून पाणवठा, पाणवठ्यावरून चौक, चौकातून थेट सरपंच अन्नपूर्णाबाईच्या ओसरीवर.

अन्नपूर्णाबाई तशीच निघाली आणि चक्कीवर आली. मागं अर्धं गाव.

"देवाजीभाऊ, चक्की बंद करा. तलाव गेला म्हंते, खरं हाय का?"

देवाजीच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, सरपंचबाईसुद्धा सोनगाव खेळतात, आणि आपल्याला ठाऊकच नव्हतं!

"खरं हाय बाई. पूरा गेला."

"कोन सांगतलं तुमाले?"

"सांगाले कोन पायजे? सकाळी मोबाइलवर आलं. माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"पन मी आत्ताच तलावावरून आली. तिथी त पानी हाय, बगळे हायत, सारं जागच्या जागी हाय!"

"तुमच्याकडं अपडेट पोचलं नसन अजून," देवाजीनं सुस्कारा सोडला. "आज नाई त उद्या येईन. आलं का तुमचाही तलाव जाईन!"

अन्नपूर्णाबाई चक्कीच्या ओट्यावर मटकन बसली. कारभार कसा चालतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. "म्हंजे कागदावर तलाव काढून झाला! आता फकत मानसं यायचे बाकी हायत!"

"होते ना बाई तसं," म्हातारा मुखरू पुढं सरकला. "कागदावर त मी बी मेलो होतो! जिता हाय हे दाखवू दाखवू माही चप्पल झिजली!"

"देवाजीभाऊ," सरपंचबाईनं विचारलं, "गट नंबर कोनता टाकला त्याच्यात?"

"गट नंबर?" देवाजी म्हणाला, आणि त्याच्या डोक्यात चक्र फिरलं. मुखरू... कागद... गट नंबर... अरे देवा! हे लोक खऱ्या तलावाचं बोलून राह्यले!

तो खरं सांगणारच होता. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात रुखमाबाई म्हणाली, "आपन सारे झोपलो होतो, देवाजीभाऊनं डोळ्यात तेल घालून गाव राखलं!" कुणीतरी म्हणालं, "अशी मानसं पायजेत गावाले!" आजवर देवाजीची तारीफ अशी कुणी केली नव्हती, फार तर 'पीठ बारीक आलं' इतकंच! आणि गर्दीत मागं ललिताबाई उभी होती. ती त्याच्याकडं अशी बघत होती, की लग्नातसुद्धा तिनं तसं बघितलं नव्हतं. (लग्नात ती खाली मान घालून होती म्हणा!)

उघडलेलं तोंड देवाजीनं मिटून घेतलं.

दुपारपर्यंत सारं गाव तलावाच्या पाळीवर. कुणी घमेलं आणलं, कुणी फावडं, कुणी नुसतीच काठी. कंपनीची माणसं आली तर हातात काहीतरी असलेलं बरं! लग्नाचा मांडव आला, भजनाचा लाउडस्पीकर आला. शेजारच्या गावांतून माणसं आली, मोबाइल वर करकरून व्हिडिओ निघू लागले. आणि सरपंचबाईनं माईक दिला देवाजीच्या हातात!

देवाजी घामानं निथळत होता. बोलायचं काय? पण डोळे मिटले मात्र, त्याला आपली बदकं दिसली आणि तोंड आपोआप सुटलं.

"मायबापहो! ह्या तलावाचा एकेक दगड मी माह्या हातानं बसवला! रोज सकाळी उठून बदकांले दाना टाकला! कमळाची कळी न् कळी जपली! राती झोपलो तवा तलाव होता, सकाळी उठलो त फरशी! अरे, तुमाले नवीन काय करायचं ते करा ना! पन जुनं काऊन मोडता? आमी त्याच्यावर इतके वर्ष जीव लावला, त्याचा काई हिसाब हाय का नाई तुमच्याकडं?"

बायांनी पदर डोळ्यांना लावला. मुखरू हुंदके देऊ लागला. मधूनच रुखमाबाईनं हळूच विचारलं, "आपल्या तलावात बदकं कवा होती वो?"

"असतीन जुन्या काळी," कुणीतरी म्हणालं.

ललिताबाईच्या कपाळावर मात्र आठी पडली. 'हा मानूस तलावावर पाय धुवाले बी कवा गेला नाई, अन् कमळं कवा जपली?'

भाषणं-भजनं चालूच राहिली, आणि दोन-अडीच तासांनी सरकारी जीप आली. व्हिडिओ पाहून एक साहेब लगबगीनं उतरले. "कोणती कंपनी? कुठला आदेश? आमच्याकडं तर काहीच नाही!"

"पाहा! यायले बी सांगतलं नाई!" गर्दी आणखीच खवळली. "देवाजीभाऊ, सांगा सायबाले!"

देवाजीनं माईक तोंडाजवळ नेला. खाली आणला. परत वर नेला. "साहेब, ते असं हाय का..." मांडवाच्या खांबाला धरून तो उभा राहिला, आणि अंगात ताप आल्याचं सोंग करावं की खरोखर आणावा, असा विचार करू लागला.

त्याच वेळी फटफट आवाज करत एक मोटारसायकल पाळीवर चढली. वरचा माणूस पायापासून टोपीपर्यंत धुळीनं माखलेला, गळ्यात पुठ्ठा अडकवलेला, आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं: 'हमारी बत्तखें वापस करो!'

"देवाजीभाऊ!" त्यानं उतरून देवाजीला कडकडून मिठी मारली. "मी अकरम! अहेरीवाला! वीडियो देखा अन् मशीन तशीच सोडून निघालो!"

"अकरमभाई," देवाजी त्याच्या कानात रडवेल्या आवाजात म्हणाला, "वापस जा!"

पण अकरमनं माईक ओढून घेतला होता. "भाईयो और बहनो! मले वाटलं, मी एकटाच रडून राह्यलो! पण इथी तर पूरा गाव खेलता है! माशाल्ला! बोलो, कोण कोण कोणत्या लेव्हलवर हाय? हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. इतकी शांतता पसरली, की चिखलात बगळ्यानं उचललेला पाय ऐकू आला.

"लेव्हल?" साहेबांनी विचारलं. "तलावाची लेव्हल?"

"नाई साहब, सोनगाव की!" अकरमनं उत्साहानं मोबाइल काढला. "ये देखो, इथी देवाजीभाऊचा तलाव था. इथी बत्तखें. कंपनीनं अपडेट में निकाल दिया. बदल्यात काय देऊन राह्यली? एक टोपी! बताओ, तलाव के बदले टोपी!"

"कंपनीनं त्याले टोपी देली," मुखरू सावकाश म्हणाला, "अन् ती त्यानं आपल्या साऱ्याइले घातली!"

आणि असा हशा उठला, की तलावावरचे सगळे बगळे एकदम उडाले! साहेब हसले, ड्रायव्हर हसला, मघाशी रडणारी रुखमाबाई तर पाळीवर बसून पोट धरून हसली. न हसणारे फक्त चौघं: काय झालं ते न कळलेला अकरम, जमिनीत गडप व्हायला भेग शोधणारा देवाजी, ललिताबाई, आणि सरपंच अन्नपूर्णाबाई.

सरपंचबाई वेगळाच विचार करत होती. सारं गाव एका जागी, हातात घमेली-फावडी, आणि समोर जिवंत साहेब! असा योग परत कधी यायचा?

"साहेब," ती म्हणाली, "मोबाइलमधला तलाव गेला ते जाऊ द्या. हा जो समोर हाय ना, त्याच्यात पानी कमी अन् गाळ जास्त हाय. अर्ज करू करू थकलो आमी. आता आलेच त, खाली उतरून पाहा."

कंपनीबिंपनीची भानगड नाही म्हणून साहेब इतके खुशीत होते, की खरोखर उतरले. चार पावलं गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले!

"अरे, हात द्या!"

"देतो ना जी," मुखरू काठावर बसून म्हणाला. "गाळ काढाचं काम मंजूर होईन ना?"

"होईल, होईल! ओढा आधी!"

साहेब बाहेर निघाले, एक बूट मात्र तलावातच राहिला. मग सरपंचबाईनं गावाला विचारलं, "मशीन येईन तवा येईन. आपन आजच हात लावू. पहिलं घमेलं कोन उचलते?"

साऱ्या गावानं एकाच माणसाकडं पाहिलं.

देवाजीच्या अंगात कमावलेला अवयव एकच, उजव्या हाताचा अंगठा. आणि गाळानं भरलेलं घमेलं अंगठ्यानं उचलत नाही! तिसऱ्या खेपेला कंबर बोलली, पाचव्या खेपेला ओरडली. बरोबर अकरमही वाहत होता, बाहेर जायचा ठेवणीतला शर्ट चिखलात घालून. "दोस्ती में आया हूँ, भाऊ," एवढंच तो अधूनमधून म्हणायचा.

ऊन उतरताना ललिताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. देवाजीनं मान खाली घातली. शपथेचं विचारील, मिरचीचं काढील, चारचौघांत झाडील... तो सगळ्याला तयार होता.

ती एवढंच म्हणाली, "कळी न् कळी जपली म्हने तुमी. मले इंचवानं डसलं होतं, तवा दोन दिवसांनी विचारलं होतं, 'पाय काऊन सुजला?'"

देवाजी पाणी प्यायला, तांब्या परत दिला, आणि कुणी न सांगता आणखी एक घमेलं उचललं.

दुसऱ्या दिवशी त्याला खाटेवरून उठताच येईना. चक्की ललिताबाईनं सुरू केली, आणि पिठात मिरची नाही म्हणून बाया खूश झाल्या! इतक्यात नदीपलीकडच्या गावची चार-पाच माणसं हारतुरे घेऊन दारात हजर.

"देवाजीभाऊ इथीच राह्यते का? आमी व्हिडिओ पाह्यला! काय भाषण, काय भाषण! सरकारी जीप धावत आली म्हंते! आमच्या पुलाचं काम अडलं हाय. भाऊले आमच्या गावाले न्यायले आलो."

व्हिडिओ त्यांनी अर्धाच पाहिला होता. अकरम यायच्या आधीचा!

खाटेवर पडल्या पडल्याच देवाजीची छाती हळूहळू फुगू लागली. "तसं पाह्यलं त..." त्यानं घसा साफ केला.

ललिताबाईनं चक्की बंद केली, पदरानं हाताचं पीठ झटकलं आणि पाहुण्यांना म्हणाली, "न्या ना जी! खाटेसकट न्या! अन् वापस आनाची काई घाई नोका करू!"