पाहिलेला पिक्चर पुन्हा पाहण्याचे तोटे

एकदा पाहिलेला चांगला पिक्चर माणसाने पुन्हा पाहू नये. पहिल्या खेपेला तो पडद्याच्या मालकीचा असतो. नंतर आपल्या कब्जात येतो. आणि कब्जातली वस्तू मूळ मालकाकडे ताडून पाहायला नेऊ नये, हे महसूल खात्यात चाकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आदिलाबादचे नरसिंगराव तर तहसिलीत तहसीलदाराच्या हाताखाली पेशकार म्हणून लागले, आणि तहसिली मोडून लहान लहान मंडलं झाली तेव्हा सुपरिंटेंडंट होऊन बाहेर पडले. त्यांना हे कळायला हवं होतं.

नरसिंगरावांच्या कब्जात एक इंग्रजी पिक्चर होता. आंध्र प्रदेश नवा नवा झाला होता तेव्हा ते ट्रेनिंगला गेले असताना त्यांनी तो सिकंदराबादेत पाहिला. काळा-पांढरा. समुद्रकाठी उंच कड्यावर बंगला, बंगल्यात देखणी बाई. एके दिवशी बाईचा नवरा नाहीसा होतो, आणि तपासाला आलेला हॅटवाला इन्स्पेक्टर तिच्या प्रेमात पडतो. नवरा गेला कुठं? मध्यंतरापर्यंत काही कळत नाही. मध्यंतरात नरसिंगरावांना घरची गाडी पकडायला निघावं लागलं, त्यामुळे उरलेला पिक्चर त्यांनी गाडीत बसून पूर्ण केला. (यात गैर काही नाही. मौक्याच्या जागी न जाता केलेले पंचनामे वरच्या कचेरीत जास्त पसंत पडतात. त्यांत खाडाखोड नसते.)

त्यांनी पूर्ण केलेला शेवट असा: इन्स्पेक्टर म्हणतो, नवरा काही येत नाही, माझ्याशी लग्न कर. बाई म्हणते, येईल. ती दारात दिवा घेऊन उभी राहते. नवरा येतो. दाढी वाढलेली, एक पाय अधू. बाई त्याच्या पायांवर डोकं ठेवते, आणि इन्स्पेक्टर हॅट काढून दोघांना नमस्कार करून पावसात निघून जातो. (नमस्कार पुढं कधीतरी आला. सुरुवातीची काही वर्षं तो नुसती हॅट काढायचा.)

अशी गोष्ट जवळ असली की ती पडून राहत नाही, लोकांच्या कामी येते. आसपासच्या मराठी घरांतले नवराबायकोच्या भांडणाचे मुकदमे नरसिंगरावांकडे यायला लागले. पेशी ओट्यावर व्हायची. आधी ते बाईचं म्हणणं ऐकून घ्यायचे (थोडक्यात), मग तिला पिक्चर सांगायचे (सविस्तर). शेवटी फैसला: "ते साहेबलोक असून त्याइच्यातली बाई नवऱ्याची वाट पाहते, अन् तुले काय धाड भरली?" बाई डोळे पुसून सासरी जायची. यशाचं प्रमाण शंभरात नव्व्याण्णव होतं. उरलेली एक बाईही गेलीच, पण जाताना काहीतरी पुटपुटली, म्हणून नरसिंगरावांनी प्रामाणिकपणे तिला यशात धरलं नाही.

तलमडुगूच्या चंपतरावांची मुलगी सुभद्रा ही त्यांची जुनी अशील. तिला बाजारहत्नूरच्या महिपतला दिलेली. महिपत माणूस न्यायी होता. कापसाला भाव आला की खुशीत मारायचा, पडला की रागात, पण विनाकारण त्यानं कधी हात उचलला नाही. सुभद्रा माहेरी यायची, चंपतराव तिला आदिलाबादला आणायचे, ती पिक्चर ऐकायची आणि परत जायची. गावोगाव व्हिडिओ आले त्या साली मात्र ती आली ती एक हात गळ्यात बांधून.

"काका," ओट्यावर बसता बसता ती म्हणाली, "पिक्चर सांगू नका. पाठ झाला मले."

"आता हे ऐकूनच नाही राह्यली," चंपतराव हताश होऊन म्हणाले. "काय करू?"

नरसिंगरावांना फार वाईट वाटलं. पिक्चरबद्दल. इतकी चांगली गोष्ट, आणि पाठ झाली म्हणून तिचा परिणाम जावा? पण हाडाचा पेशकार कधी अडत नाही. तोंडी साक्ष पुरेना, तर पुरावाच समोर ठेवायचा.

इचोड्याला सडकेवर, ढाब्यांच्या रांगेत, खुशालनं व्हिडिओचं दुकान टाकलं होतं. टीव्ही आणि व्हीसीआर तो भाड्यानं द्यायचा आणि नागपूरच्या ट्रकवाल्यांकडून पाहिजे ती कॅसेट मागवायचा. नरसिंगरावांनी त्याला कडा सांगितला, बंगला सांगितला, हॅट सांगितली. कॅसेट आली.

रविवारी दुपारी नरसिंगरावांच्या बैठकीत गाद्या घातल्या. पुरुष पुढं, बायका मागं, नरसिंगरावांच्या पत्नी कुमुदिनीबाई उंबरठ्याशी. सुभद्रा भिंतीला टेकून, खुशाल व्हीसीआरपाशी. महिपतलाही बोलावलं होतं. पिक्चर संपला की बायकोला घेऊन त्यानं संध्याकाळच्या बसनं निघायचं होतं. त्याला मानानं खिडकीपाशी खुर्ची दिली. इंग्रजी कोणाला कळत नसल्यामुळे नरसिंगराव टीव्हीशेजारी उभं राहून अर्थ सांगणार होते. (त्यांचं इंग्रजी कचेरीच्या मसुद्यांपुरतं होतं, आणि मसुद्यांत प्रेमाचा विषय सहसा यायचा नाही.)

सुरुवात बिनचूक झाली. कडा होता, बंगला होता, हॅट होती. लोक एकदा टीव्हीकडे पाहत, एकदा नरसिंगरावांकडे, जणू दोघांनी मिळूनच पिक्चर काढला होता. पण कॅसेटमध्ये मध्यंतर नव्हतं, त्यामुळे आपली हद्द कधी संपली हे नरसिंगरावांना कळलंच नाही.

बाई इन्स्पेक्टरला नवरा नाहीसा झाला त्या दिवसाची हकीकत सांगू लागली, आणि तो दिवसच पडद्यावर आला. कड्यावर ती आणि नवरा. नवऱ्यानं तिचा हात पिरगाळला. मग तो पाठ करून सिगारेट पेटवू लागला. बाईनं मागून हात लावले. नवरा दिसेनासा झाला.

"ते सावरून राह्यली त्याले," नरसिंगराव म्हणाले.

"ढकललं," सुभद्रा म्हणाली.

"तसं वाटते. समुद्राचा वारा असते तो."

"काका, दोन्ही हातानं ढकललं तिनं."

"खुशाल," उंबरठ्यावरून कुमुदिनीबाई म्हणाल्या, "जरा मागं घे ना ते. मले दिसलं नाही."

खुशालनं मागं घेतलं. नवरा खालून वर आला, सिगारेट विझली, पुन्हा पेटली, आणि तो पुन्हा गेला. मग शेजारच्या रेणुकाबाई म्हणाल्या, मी चष्मा पुसत होते. पुन्हा गेला. त्या दिवशी बायकांची नजर एकजात अधू होती. पुरुषांना मात्र पहिल्याच खेपेला स्वच्छ दिसलं होतं.

पुढं इन्स्पेक्टरनं सगळं ऐकून घेतलं, आपल्या खिशातले कागद फाडले आणि बाईला मिठी मारली.

"तिले अटक करून राह्यला," नरसिंगराव म्हणाले.

अटक बराच वेळ चालली. चंपतरावांनी मान खाली घातली. मग दोघं हातात हात घालून आगबोटीत बसले, आगबोट निघाली, आणि इंग्रजी अक्षरं आली. दिवा आला नाही. दाढी आली नाही. नमस्कार तर नाहीच.

महिपतनं खुर्ची खिडकीपासून आत ओढून घेतली.

"तर सुभद्रे," नरसिंगराव घसा साफ करत म्हणाले, "यातून आपण घ्यायचं काय—"

सुभद्रा उठून उभी राहिली. "काका, मी कोणाले ढकलणार नाही," ती म्हणाली. "पण जाणार बी नाही."

चंपतरावांनी लेकीच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं. इतकी वर्षं ते तिच्या तोंडाकडेच पाहत आले होते, ती हो म्हणते की नाही एवढं कळावं म्हणून. मग तिची पिशवी त्यांनी उचलली. महिपत "बस चुकते" म्हणून एकटाच निघाला. बस सुटायला अजून पुष्कळ अवकाश होता.

नरसिंगरावांच्या डोळ्यांपुढून, ओट्यावरून डोळे पुसत उतरलेल्या बायका एकेक करून गेल्या. छातीत काहीतरी हललं. पण निकाली निघालेल्या मुकदम्यांच्या मिसलींचा फेरविचार करण्याची त्यांच्या ओट्यावर तरतूद नव्हती, त्यामुळे ते लवकरच थांबलं. त्या संध्याकाळी कुमुदिनीबाईंनी दिलेला चहा मात्र त्यांनी बशीत ओतून काही वेळ नुसता न्याहाळला.

"असं काऊन पाहून राह्यले?" बाईंनी विचारलं.

"गरम आहे," नरसिंगराव म्हणाले.

चहा होऊन चांगला निवला होता.

दुसऱ्या दिवशी पुरुषमंडळींनी ओट्यावर बसून सर्वानुमते ठरवलं की कॅसेट भेसळीची आहे. सिकंदराबादेत चांगला असलेला पिक्चर नागपूरच्या वाटेनं येता येता नासला. नरसिंगरावांनी पुढंही तो सांगणं सोडलं नाही; फक्त शेवटी एक इशारा जोडला की बाजारात याची एक खोटी कॅसेट फिरत आहे, तिच्यापासून सावध राहावं. बायका मान डोलवायच्या, आणि इचोड्याला निरोप धाडून नेमकी खोटीच मागवायच्या. पुढं त्या कॅसेटची फीत एका ठिकाणी झिजून पांढरी पडली. ठिकाण कोणतं, ते सांगायला नको.

आता वाचकहो, तुम्हालाही विचारावंसं वाटत असेल. पिक्चर कोणता? त्या बाईला पुढं पोलिसांनी धरलं का? आगबोट गेली कुठं? सगळे हेच विचारतात. आदिलाबादेतले शिकलेसवरलेले लोक अजून त्यावर वाद घालतात. सुभद्रेचं पुढं काय झालं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

ती इचोड्याला ब्लाऊज शिवते. तुम्हीही विचारलं नव्हतं, म्हणून सांगायचं राहिलं होतं.