सहाव्या भागाचा एकमताने निषेध

'राज्यविस्तार' या खेळाचा सातवा भाग बाजारात आला आणि तो वाईट आहे, हे राज्यविस्तार रसिक मंडळाने त्याच दिवशी सकाळी ओळखले. अधिकृत भूमिका मात्र अजून ठरायची होती. भूमिका ही काही चहा पिता पिता ठरवण्याची गोष्ट नव्हे. तिला सभा लागते, सभेला विषयपत्रिका लागते आणि विषयपत्रिकेला सचिव लागतात. सचिव त्या वेळी घरी दाढी करत होते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर कॉम्प्युटरवर आपल्याला एक खेडे, दोन शिपाई आणि एक उंट मिळतो. एवढ्या भांडवलावर जग जिंकायचे असते. आपली खेळी झाली की शेजारच्या राजाची, मग पुन्हा आपली, असे करत एक डाव संपायला चाळीस तास लागतात. गेल्या सव्वीस वर्षांत याचे सहा भाग निघाले आणि त्यांच्यावर जीव ओवाळून टाकणारे एकेचाळीस सभासद दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता एका ड्रायव्हिंग शाळेच्या वरच्या खोलीत जमत. खोलीच्या भिंतींवर 'वळण्यास मनाई', 'पुढे रस्ता बंद' अशा पाट्या टांगलेल्या होत्या. त्या शाळेच्या होत्या, पण मंडळाने त्या कधी काढायला लावल्या नाहीत.

मंडळाची नियमावली बावीस पानांची होती. तिच्यातले तीन नियम महत्त्वाचे. नियम चार असा, की अधिकृत भूमिका ठरेपर्यंत कोणीही नवा भाग खेळू नये. जो खेळेल तो हितसंबंधी समजून त्याचे मत बाद होईल. एका वायरमनने मेहुण्याच्या घरी पाचवा भाग दीड तास खेळला होता, तर त्याला पुढची दोन वर्षे सभेत मताशिवाय बसावे लागले. नियम सात असा, की निषेध झालेला भाग सभासदाने घरात ठेवू नये. आणि नियम अकरा असा, की पुढचा भाग जाहीर होताच मागच्या भागाचा निषेध आपोआप रद्द होऊन तो भाग अभिजात समजावा. त्यामुळे मंडळ नेहमी एक भाग मागे असे आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान होता. सहाव्या भागाचा निषेध उठून जेमतेम दोन महिने झाले होते आणि असा खेळ पुन्हा होणे नाही, असे सभासद एकमेकांना सांगत.

सचिव जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. एकदा नोंदवहीत लिहिले की तेच खरे, हे त्यांनी तिथे रोज पाहिले होते. एका गृहस्थाच्या जन्माचे साल चुकून सहा वर्षे आधीचे लागले, तेव्हा दुरुस्तीच्या अर्जांना कंटाळून ते बिचारे सहा वर्षे आधीच निवृत्त झाले होते. मंडळाचे सचिवपदही त्यांनी एकोणीस वर्षे याच निष्ठेने सांभाळले होते. कधी एक सभा चुकवली नाही, कधी स्वतःचे मत मांडले नाही.

या वेळी मात्र त्यांची पंचाईत झाली होती आणि ती त्यांच्याच मुलीने केली होती. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती आणि अठ्ठावीस दिवसांनी ती जाणार होती. ती सहा वर्षांची असताना बापाच्या मांडीवर बसायची आणि तसा दोघांनी तिसरा भाग खेळला होता. शिपाई बाबाचे, उंट तिचा, आणि खेळी संपल्याचे बटण दाबण्याचा हक्क फक्त तिचा. पुढे तिची शाळा वाढली, त्यांची कार्यालयातली टेबले वाढली आणि तो डाव अर्धाच राहिला. आता तिने कुणाला न विचारता सातवा भाग आणून कॉम्प्युटरवर चढवून ठेवला होता.

"बाबा, जायच्या आधी एक डाव पुरा करू या. रोज दोन तास धरले तर वीस दिवस लागतील. बसतंय बरोबर."

"अगं, मंडळाची भूमिका ठरू दे आधी."

"ती काय ठरणार हे ठरलेलंच आहे ना?"

"ठरलेलंच आहे," सचिव म्हणाले, "पण ठरायचं आहे."

मुलीने पुढे काही विचारले नाही. तिने विचारले असते तर सचिवांना सांगावे लागले असते, की भूमिका ठरेपर्यंत नियम चार आडवा येतो आणि ठरल्यावर नियम सात. राजीनामा देण्याचा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. पण राजीनामा सचिवांमार्फतच सादर करावा लागतो, आणि सचिवांचा स्वतःचा कुणामार्फत सादर करायचा, याबाबत बावीस पानांत एक अक्षर नव्हते. त्या संध्याकाळी मुलगी एकटीच कॉम्प्युटरसमोर बसून उंटाला पाणी पाजत होती आणि सचिव दारात उभे राहून, हितसंबंध निर्माण होऊ नये म्हणून, भिंतीकडे बघत होते. त्यांना फार वाईट वाटले.

निषेधाचा ठराव लिहिणे हे खरे तर अवघड काम नव्हते. त्याचा नमुना दुसऱ्या भागापासून चालत आला होता. 'सदर भाग हा मालिकेच्या उज्ज्वल परंपरेस काळिमा फासणारा असून तो खेळण्यास, खेळविण्यास व भेट देण्यासही अयोग्य आहे,' अशी सुरुवात, मग आठ परिच्छेद दुःख आणि शेवटी कंपनीला सद्बुद्धी लाभो अशी इच्छा. दर वेळी सचिव जुना ठराव उतरवून घेत, तारीख बदलत आणि भागाचा आकडा बदलत. या वेळी त्यांनी तारीख बदलली. आकड्यावर आले तोच आतून मुलीने हाक मारली, की मोठी बॅग घेऊ की दोन लहान घेऊ. सचिव उठून गेले. बॅगेकडे पाहत थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. परत येऊन त्यांनी कागद घडी करून पाकिटात घातला.

रविवारची सभा जोरात झाली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते आणि समोरच्याचे तोंड बंद व्हायची वाट न पाहता बोलायची त्यांना सवय होती. नव्या भागात उंटाची चाल तीन घरांवरून दोन घरांवर आणली आहे, हे ऐकीव माहितीवरून सांगून त्यांनी सभेला हेलावून सोडले. उपाध्यक्ष घड्याळजी होते. ते नव्या भागाच्या खोक्याच्या मागच्या बाजूचे चित्र पाहून चाळीस मिनिटे बोलले. सहाव्या भागातला गव्हाचा पिवळा आणि या भागातला गव्हाचा पिवळा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे सांगताना त्यांना पाणी प्यावे लागले. शिवाय नव्या भागात म्हणे शेतकरी हुकूम मिळाल्यावर 'का?' असे विचारतात. मग सचिवांनी ठराव मोठ्याने वाचला, वाचताना मनात बॅगांचा हिशेब चालू होता, आणि एकेचाळीस हात वर गेले. ठराव कंपनीला गेला, वर्तमानपत्रालाही गेला आणि शुक्रवारी छापूनही आला.

शनिवारी कंपनीचे उत्तर आले. सहाव्या भागाबद्दल इतके स्पष्ट मत कळवल्याबद्दल कंपनीने मंडळाचे मनापासून आभार मानले होते. मंडळाने दाखवलेले सर्व दोष सातव्या भागात दूर केले आहेत, असेही कळवले होते.

तातडीची सभा दुसऱ्याच दिवशी भरली. पत्र आणि ठराव दोन्ही टेबलावर ठेवण्यात आले आणि दोन्हींकडे न पाहता सगळे बसले. ठराव वाचला होता कुणी, असे अध्यक्षांनी विचारले. तो मोठ्याने वाचला गेला होता, असे घड्याळजींनी नमूद केले. मग ऐकला कुणी, या पुरवणी प्रश्नावर सभासद भिंतीवरच्या पाट्या वाचू लागले. शेवटी सचिवांना राहवेना. ते उभे राहिले.

"चूक माझी आहे. आकडा बदलायचा राहून गेला. दुरुस्ती करून—"

"खाली बसा," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही चुकलात असं म्हटलं, तर एकेचाळीस जणांनी न ऐकता हात वर केला असं होईल. मंडळ चुकलेलं नाही. चुकलाच असेल तर सहावा भाग चुकला असेल."

हा विचार कुणाला सुचला नव्हता. तो सभेत हळूहळू मुरला. आधी घड्याळजींनी घसा खाकरला आणि सहाव्या भागातला गहू आपल्याला पहिल्यापासूनच डोळ्यांत खुपत होता, असे सांगितले. मग भीड चेपून एकेक जण उठला. कुणाला त्यातले घोडे सुस्त वाटत होते, कुणाला नद्या उथळ. तासाभरात सहाव्या भागाचे त्रेपन्न दोष निघाले आणि ते गेल्या रविवारी निघालेल्या सातव्या भागाच्या दोषांपेक्षा अकराने जास्त भरले. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर समाधान होते. फक्त तो वायरमन उभा राहिला. तो सरळ माणूस होता.

"मग आता घरी जाऊन खेळायचं काय?"

"ज्याचा निषेध झालेला नाही, ते," अध्यक्ष म्हणाले.

सचिवांनी नोंदवही उघडून पाहिली. विषय क्रमांक एक, 'नव्या भागाबाबत भूमिका', यापुढे 'निकाली' असा शेरा होता. म्हणजे नियम चार संपला होता. नियम सात लागू होता, पण सहाव्याला. सातव्या भागाच्या आड नियमावलीतला एकही नियम येत नव्हता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच सचिव सभा संपण्याची वाट न पाहता निघाले आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

अठरा दिवस उरले होते. रोज सव्वादोन तास बसावे लागणार होते आणि ते बसले. मुलगी आता मांडीवर मावणारी नव्हती, म्हणून दोन खुर्च्या लागल्या आणि समोरासमोर दोन राज्येही, पण खेळी संपल्याचे बटण तिचेच राहिले. पहिल्याच दिवशी सचिवांनी एका शेतकऱ्याला विहीर खणायचा हुकूम दिला आणि शेतकऱ्याने पडद्यावरून विचारले, 'का?' सचिवांचा हात नियमावलीकडे गेला. आजवर त्यांना हे कुणी विचारले नव्हते आणि त्यांनीही कुणाला विचारले नव्हते. मुलगी इतकी हसली, की आतून तिची आई बघायला आली आणि तिथेच तिसरी खुर्ची ओढून बसली. डाव मुलीने जिंकला, जायच्या आदल्या संध्याकाळी. सचिवांना हरण्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही बॅगा त्यांनीच उचलल्या. मोठी बॅग नको, हे तेवढे त्या दिवशी नीट ठरले होते.

इकडे महिनाभरात मंडळाने सातव्या भागाला अभिजात ठरवून टाकले. तशात मुलीचा फोन आला. नव्या नोकरीत तिला सुट्टी फक्त रविवारी होती आणि पाच वाजल्यापासून ती मोकळी असे. आपापल्या घरी बसून दोघांना एकच डाव खेळता येईल, असे तिने कळवले. सचिव म्हणाले, रविवारी पाचला सभा असते. ती म्हणाली, बरं. त्या 'बरं'ने सचिवांची झोप उडाली.

नेमका त्याच आठवड्यात आठवा भाग जाहीर झाला.

निषेधाचा ठराव या वेळी आधुनिक पद्धतीने मंजूर करायचे ठरले. सचिवांनी मजकूर फोनवर पाठवायचा, सभासदांनी खालचे 'वाचले, समजले, मान्य आहे' हे बटण दाबायचे. सचिवांनी जुना ठराव उतरवला, तारीख बदलली आणि आकडा तीनदा तपासून बदलला. मग थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि परिच्छेद सहा नव्याने लिहिला: 'मंडळाच्या रविवारच्या सभा कायमच्या रद्द करण्यात येत असून त्या वेळी सचिव आपल्या मुलीबरोबर खेळतील. त्यात कोणीही व्यत्यय आणू नये.'

चार मिनिटांत एकेचाळीस मंजुऱ्या आल्या. मसुदा या वेळी फारच नेमका उतरला आहे, असे कळवायला अध्यक्षांनी मुद्दाम फोन केला. रविवारी पाच वाजता ते, घड्याळजी आणि इतर अडतीस जण ड्रायव्हिंग शाळेच्या वरच्या खोलीत सचिवांची वाट पाहत बसले होते. अध्यक्षांनी फोन लावला तेव्हा सचिवांनी परिच्छेद सहाचा उल्लेख केला. अध्यक्ष म्हणाले, "ते माहीत आहे हो. मी आपला पंखा बंद आहे का ते बघायला आलो होतो." इतर अडतीस जणही पंखाच बघायला आले होते, असे नंतर कळले.

तेव्हापासून सचिवांचे रविवार मजेत जातात. मुलगी त्यांना हरवते आणि ते तिला पुढच्या रविवारी बघून घेईन म्हणतात. ठरावाचे मात्र वेगळेच झाले. सभासदांनी तो ओळखीच्यांना पाठवला, ओळखीच्यांनी त्यांच्या ओळखीच्यांना, आणि ज्यांनी उंट कधी पडद्यावरही पाहिला नाही अशांच्याही मंजुऱ्या येऊ लागल्या. आकडा परवा साठ हजारांवर गेला. परिच्छेद सहा इतका बिनबोभाट पार पडल्यावर सचिवांनी उत्साहाच्या भरात सात ते सतरा असे आणखी अकरा परिच्छेद घातले आहेत. त्यांत काय आहे हे त्यांनी मुलीलाही सांगितलेले नाही, आणि आजवर कुणी विचारलेलेही नाही. मंजुरी देणाऱ्यांची यादी ते रोज स्वतः तपासतात. तिच्यात तुमचे नाव आहे. बटण कधी दाबले ते तुम्हाला आठवत नसेल, पण त्याने मंजुरीला बाध येत नाही. परिच्छेद सतरा पाहावा.