कुंदाताई ‘यस’ दाबत नाहीत

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर एखादी चौकट उगवली की बाकीचे लोक माशी हाकलावी तशी ती हाकलून द्यायचे. कुंदाताई साळवे मात्र माऊसवरचा हात काढून घ्यायच्या, पदरानं चष्मा पुसायच्या आणि ती चौकट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत मोठ्यानं वाचायच्या. इंग्रजी त्यांचं रात्रशाळेतलं. ‘सर्टिफिकेट’ हा शब्द त्यांच्या तोंडून चार हप्त्यांत बाहेर पडायचा. वाचून झालं की म्हणायच्या, “आधी वाचायचं, मग दाबायचं. ती काय दारावरची घंटा आहे?”

अंबरनाथ एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणारा आमचा छोटा कारखाना. ऑफिसात कॉम्प्युटर एकच. सकाळी मी त्यावर मालासोबत जायची चलनं छापायची, मग कुंदाताई बसायच्या. त्याआधी वीस वर्षं त्यांनी तिथला टेलिफोन बोर्ड सांभाळला होता. बोर्ड गेला, इंटरनेट आलं, आणि आमचे मालक लालवाणी शेठ यांनी त्यांना त्यावर बसवलं. वायर ती वायरच, असं शेठचं म्हणणं.

‘लागत नाही’ हे दोन शब्द कुंदाताईंना खपायचे नाहीत. एंगेज वेगळा, डेड वेगळा, आणि घंटा वाजूनही कुणी न उचलणं आणखी वेगळं. हाच नियम त्यांनी इंटरनेटला लावला. स्क्रीनवर चारशेचार नंबरची चूक आली की सांगायच्या, घर सापडलं, पण हवी ती खोली नाही. चारशेतीन म्हणजे खोली आहे, पण आपल्याला आत घेत नाहीत. “का घेत नाहीत ते विचारायचं,” असं म्हणताना त्यांचा आवाज जरा चढायचा.

जिथं पासवर्ड द्यायचा तिथं तर त्या पोलिसापेक्षा कडक. स्क्रीनच्या खाली कोपऱ्यात पिवळ्या कुलपाचं चित्र दिसलंच पाहिजे, आणि समोरच्या वेबसाइटनं आपला दाखला, म्हणजे ते सर्टिफिकेट, दाखवलाच पाहिजे. दाखल्यावर नाव बरोबर आहे का, तो दिलाय कुणी, मुदत कधीपर्यंत, सगळं बघायचं. “शाळेत घालताना माझा दाखला तीन जणांनी तपासला होता,” त्या म्हणायच्या. “आता मी तपासते.”

एका शनिवारी मात्र हा बाणा आम्हा सगळ्यांना महाग पडणार असं वाटलं. आदल्या दिवशी, शुक्रवारी, एमआयडीसीची सुट्टी आणि दिवसभर वीज बंद. शनिवारी सकाळी पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीचा माल ट्रकमध्ये भरून तयार होता. त्या कंपनीचा नियम असा, की ट्रक निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर नोंद करायची. नोंद नसेल तर त्यांच्या गेटवरून ट्रक परत. मी चलनं छापून ड्रायव्हरच्या हातात दिली आणि खुर्ची सोडली. कुंदाताई बसल्या, वेबसाइट उघडली, आणि चौकट उगवली.

त्यांनी वाचली. समोरच्या दाखल्याची मुदत संपलीय किंवा अजून सुरू व्हायचीय, असं त्यात लिहिलं होतं. तरी पुढं जायचंय का? खाली तीन बटणं: यस, नो, आणि दाखला बघा.

शेठ मागं येऊन उभे राहिले. “कुंदाबाई, यस दाबो ना.”

“नाही,” कुंदाताई म्हणाल्या. “संपलीय की सुरू व्हायचीय, हे कळल्याशिवाय मी पासवर्ड देणार नाही. पासवर्ड माझ्या नावावर आहे.”

शेठनी आधी समजावलं, मग ते तापले. हा माल वेळेत पोचला नाही तर पुढची ऑर्डर जाईल, दुसऱ्या पाळीच्या आठ माणसांना घरी बसवावं लागेल, त्यांच्या बायकांना तोंड कोण देणार, असं सगळं ऐकवलं. कुंदाताई उठून उभ्या राहिल्या आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. तुम्ही बसा, तुमचं नाव टाका, म्हणाल्या. शेठ काही बसले नाहीत.

त्यांनी उल्हासनगरहून कॉम्प्युटरवाला बोलावला. त्यानं चौकटीकडे नीट न बघताच निदान केलं, “वायरस है. फॉर्मेट मारना पडेगा.” म्हणजे चार वर्षांची कागदपत्रं पुसली जाणार. कुंदाताईंनी खुर्ची ओढून सीपीयूच्या पुढ्यात घेतली आणि तिथंच ठाण मांडलं. जेवणाची सुट्टी झाली, त्यांनी डबा उघडला नाही. मलाही आता राग यायला लागला होता. मी हळूच म्हटलं, एक बटण तर आहे ताई, दाबून मोकळ्या व्हा. त्यांनी चष्मा पुसून चौकट पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मग त्यांनी तिसरं बटण दाबलं. ते दाबलेलं त्याआधी आमच्यापैकी कुणी बघितलं नव्हतं. दाखला उघडला. मागच्या वर्षी सुरू, पुढच्या वर्षी संपणार. नाव बरोबर. त्यांनी त्या कंपनीला फोन लावला. तिथल्या माणसानं सांगितलं, बाकी सगळ्यांचं चालतंय, तुमचंच अडलंय.

कुंदाताई परत येऊन स्वतःशीच बोलावं तसं बोलल्या. “दाखला मुदतीत आहे. मग नाही असं म्हणतंय कोण? आपलंच मशीन ना?”

त्यांनी माऊसचा बाण कोपऱ्यातल्या घड्याळावर नेला. त्याच्यावर तारीख उमटली: एक जानेवारी दोन हजार दोन. आतली बारकी बॅटरी मेली होती, शुक्रवारी वीज बंद होती, आणि आमचा कॉम्प्युटर पाच वर्षं मागं जाऊन बसला होता. त्याच्या दृष्टीनं समोरचा दाखला अजून जन्मालाच यायचा होता.

कॉम्प्युटरवाल्यानं निमूटपणे पिशवीतून रुपयाएवढी बॅटरी काढून बसवली. तारीख नीट केल्यावर चौकट आलीच नाही. नोंद झाली. शेठ ट्रक सोडायला धावले, तेवढ्यात कुंदाताई म्हणाल्या, “थांबा. सकाळपासून या मशीनवर आणखी काय काय निघालं?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ड्रायव्हरच्या खिशातल्या प्रत्येक चलनावर पाच वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि ती छापणारी मी. यस दाबून ट्रक गेला असता तर तो त्यांच्या गेटवरून तसाच माघारी आला असता. मी धावत जाऊन कागद परत आणले, नवे छापले. शेठनी शाबासकी दिली नाही, सगळ्यांना चहा मागवला. कुंदाताईंनी चार वाजता डबा उघडला.

माझ्या मनाला ते लागून राहिलं. पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, माफी मागायला मी बदलापूरला त्यांच्या घरी गेले. त्यांचे मिस्टर खिडकीशी खुर्चीत बसले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. कुंदाताईंनी ऑफिसात कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मिस्टरांना बोलता यायचं, पण मनात एक शब्द असायचा आणि तोंडून दुसराच यायचा.

कुंदाताईंनी दोन कप चहा आणून आम्हा दोघांच्या हाताशी ठेवला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “चावी.” मग पुन्हा, जरा कळवळून, “चावी, चावी.”

मी हसून मान हलवली. “हो, हो.”

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

“हो म्हणू नकोस शोभा,” कुंदाताई म्हणाल्या. “कळलं नसेल तर कळलं नाही म्हण. येणारे सगळे हो हो म्हणतात आणि निघून जातात. मग हे दिवसभर बोलत नाहीत.”

त्या त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. दार लावू? पंखा? गोळी? प्रत्येक वेळी ते मान हलवून नाही म्हणत होते, आणि त्या घाई न करता पुढचं विचारत होत्या. चहावर साय धरली. शेवटी त्यांनी चांगला हात उचलला, माझ्या कपाकडे बोट केलं, आपल्या कपाकडे केलं, आणि मग कुंदाताईंच्या रिकाम्या हातांकडे.

“माझा चहा?” कुंदाताईंनी विचारलं.

त्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

कुंदाताई उठल्या. आत जाऊन पातेल्यात उरलेला अर्धा कप चहा त्यांनी गाळून आणला, आणि पुन्हा त्याच स्टुलावर, त्यांना नीट दिसेल अशा बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.